नाशिकला अपडाऊन करून कॉलेज कसं पूर्ण करायचं

बारावीचा निकाल लागला की आमच्या ओझर-पिंपळगावच्या पट्ट्यात घरोघरी एकच चर्चा सुरू होते. पोरांना नाशिकला रूम करून द्यायची की अपडाऊन करू द्यायचं? मी बी.एस्सी. आणि एम.एस्सी. दोन्ही अपडाऊन करून केलं, विषय वनस्पतीशास्त्र. ओझरच्या पुढं आमचं गाव, थोडी द्राक्षबाग, शिकणारी भावंडं तीन. रूमचा विषय घरात निघालाच नाही. आता गावातली मुलं-मुली येऊन विचारतात, "ताई, जमेल का?" जमतं. फक्त एक गोष्ट पहिल्या दिवसापासून डोक्यात ठेवावी लागते: कमी फीच्या कॉलेजात तुमचा खरा खर्च वेळेचा होतो. पैशाचा हिशोब घरचे ठेवतात, वेळेचा तुम्हालाच ठेवावा लागतो.

आधी स्टँड बघा, मग कॉलेज

कॉलेजचं नाव, तिथली गर्दी, मैत्रीण कुठं चालली, यावर प्रवेश घेऊ नका. तुमची गाडी नाशिकमध्ये कुठून शिरते आणि कुठं थांबते, तिथून सुरुवात करा. ओझर, पिंपळगाव, चांदवडकडची गाडी आडगाव नाक्यावरून येते, म्हणजे पंचवटीतलं कॉलेज गोदावरी ओलांडायच्या आधीच लागतं. निफाड-चांदोरीकडची गाडी नांदूर नाक्यावरून येते. सिन्नरकडून येणाऱ्यांना नाशिकरोडचं बिटको कॉलेज वाटेतच आहे. कसबे सुकेणे, निफाडकडून रेल्वेनं येणाऱ्यांनाही तेच जवळ, कारण नाशिकरोड स्टेशनवर उतरून पुढं शहरात जायचं म्हटलं तर द्वारकेच्या चौकात किती वेळ जाईल ते कुणीच सांगू शकत नाही. त्र्यंबक, सातपूरकडचे सीबीएसला, म्हणजे शहरातल्या मध्यवर्ती बसस्थानकावर उतरतात. सीबीएसवरून गंगापूर रोडचं केटीएचएम कॉलेज मेहेर चौक, अशोक स्तंभ करत पायी गाठता येतं. कॉलेज रोडवरची एचपीटी-आरवायके आणि बीवायके ही कॉलेजं त्याहून लांब आहेत, कॅनडा कॉर्नरवरून चालत गेलात तर अर्धा तास धरा. सिटीलिंकची बस किंवा शेअर रिक्षा मिळते, पण रोजच्या रोज रिक्षा म्हणजे महिन्याअखेरीस पासपेक्षा जास्त पैसे तिकडंच गेलेले असतात.

प्रवेश घेण्याआधी एकदा साध्या सोमवारी पूर्ण फेरी मारून बघा. सकाळी घराच्या उंबऱ्यापासून कॉलेजच्या गेटपर्यंत, आणि संध्याकाळी पाचनंतर परत. रविवारी वडिलांच्या मोटारसायकलवर जाऊन आलेला वेळ धरायचा नाही. एका बाजूला सव्वा तासाच्या आत होत असेल तर अपडाऊन बिनधास्त करा. दीड तासाच्या पुढं जात असेल आणि विषय प्रॅक्टिकलचा असेल, तर तालुक्याच्या कॉलेजचाही विचार करा. पिंपळगाव, निफाड, दिंडोरी, सिन्नर इथं मराठा विद्या प्रसारक समाजाची कॉलेजं आहेत, पदवी त्याच सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मिळते. वाचलेले रोजचे दोन तास अभ्यासाला लावले तर शहरातलं कॉलेज सोडल्याचं काही वाटत नाही. माझ्या चुलतभावानं तसंच केलं आणि त्याचे मार्क माझ्यापेक्षा चांगले होते.

फीबद्दल एकच प्रश्न विचारायचा आणि तो ऑफिसच्या खिडकीवर स्पष्ट विचारायचा: ही तुकडी अनुदानित की विनाअनुदानित? एकाच कॉलेजात, एकाच मजल्यावर दोन्ही असतात आणि फीमध्ये कित्येक पटींचा फरक असतो. साधं बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. अनुदानित तुकडीत मिळालं तर वर्षाची फी शहरातल्या रूम-खानावळीच्या दोन-तीन महिन्यांच्या खर्चातच बसते. बीबीए, बीसीए विनाअनुदानित असतात, शिवाय २०२४ पासून त्यांना सीईटी द्यावी लागते, ते बारावीतच ठरवायला हवं. पहिल्या यादीत अनुदानितमध्ये नाव आलं नाही म्हणून लगेच विनाअनुदानितची फी भरून मोकळं होऊ नका. दुसऱ्या-तिसऱ्या यादीत बऱ्याच जागा रिकाम्या होतात, कारण मुलं इंजिनिअरिंग, फार्मसीला निघून जातात.

कागदं

निकालाची वाट बघत बसू नका. उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपतो, म्हणून एप्रिल उजाडला की नव्यासाठी तलाठ्याकडून अहवाल घेऊन सेतू केंद्रावर अर्ज टाका. जूनमध्ये त्याच खिडकीवर अख्खा तालुका उभा असतो. जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर, अधिवास, आधार, बारावीची मार्कशीट, टीसी. प्रत्येकाच्या चार झेरॉक्स आणि मोबाइलमध्ये नीट स्कॅन केलेली फाइल ठेवा. वाकडेतिकडे काढलेले फोटो अपलोड केले की अर्ज परत येतो.

शिष्यवृत्ती राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर भरायची असते. अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी यांच्या वेगवेगळ्या योजना आहेत. खुल्या प्रवर्गातल्यांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, तिची उत्पन्नमर्यादा आठ लाख. आमच्याकडं पुष्कळ लोक "आपल्याला काही नसतं" म्हणून भरतच नाहीत. भरा. पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता मात्र घराबाहेर राहणाऱ्यांसाठी आहे. सायबर कॅफेवाला म्हणाला तरी घरमालकाचं खोटं पत्र जोडून तो भरायचा नाही.

ऑनलाइन अर्ज सबमिट झाला म्हणजे काम संपलं असं समजू नका. त्याची प्रिंट आणि कागदं कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात द्यायची, तिथून तो पुढं जातो. ज्या भाऊसाहेबांकडं हे काम आहे त्यांना सकाळी ऑफिस उघडल्याबरोबर भेटा, दुपारी त्यांच्यापुढं रांग असते. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात आणि हे खातं कुठलं ते बऱ्याच जणांना माहीत नसतं. लहानपणी पोस्टात काढलेलं असतं, नंतर बँकेत काढलेलं असतं. आधारच्या वेबसाइटवर बँक सीडिंग स्टेटस दिसतं, ते आधी तपासा. आणि दरवर्षी नूतनीकरण करायचं. पहिल्या वर्षी मिळाली म्हणून दुसऱ्या वर्षी आपोआप मिळत नाही.

पास

एसटीच्या मासिक पासात विद्यार्थ्यांना ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे साधारण एक तृतीयांश पैसे भरायचे. कॉलेजचं बोनाफाईड, आय-कार्ड, फोटो लागतात. अकरावी-बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत असतो, पदवीला आल्यावर तो मिळत नाही, हे घरी आधीच सांगून ठेवा. मार्च २०२३ पासून सगळ्या महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे शेवटच्या वर्षाला किंवा एम.एस्सी.ला ज्यांना आठवड्यातून दोन-तीनच दिवस जायचं असतं त्या मुलींनी अर्धं तिकीट स्वस्त पडतं की पास, याचा हिशोब करूनच पास काढावा. रोज जाणारीनं पासच घ्यावा.

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पासच्या खिडकीला फार गर्दी असते. पास महिन्याच्या मधल्या तारखेला सुरू होईल असं एकदा जमवून घेतलं की पुढं दर महिन्याला मोकळी खिडकी मिळते. पास जाड प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा, पावसात भिजलेल्या पासवरची तारीख वाचता येत नाही.

दोन लेक्चरच्या मधला वेळ

अपडाऊन करणाऱ्यांचं शिक्षण खरं या वेळेत होतं, म्हणून हे सविस्तर सांगते.

सायन्सचं टाइमटेबल साधारण असं असतं की लेक्चर सकाळी, मग मधे मोठा खंड, मग दुपारी प्रॅक्टिकल. रूमवर राहणारी मुलं त्या खंडात जेवून, झोपून येतात. तुम्ही जाणार कुठं? पहिले काही दिवस कॅन्टीन, कट्टा, कॉलेज रोडवर चक्कर, असा वेळ मजेत जातो. मग लक्षात येतं की घरी पोचायला सात वाजतात, हातपाय धुवून जेवेपर्यंत नऊ, आणि पुस्तक उघडलं की डोळे मिटतात. आमच्या घरी तर संध्याकाळी बागेतलं कामही असायचं. म्हणून मी पहिल्याच महिन्यात स्वतःला नियम घालून घेतला की जर्नल, म्हणजे प्रॅक्टिकलची वही, घरी न्यायचं नाही. प्रॅक्टिकल ज्या दिवशी झालं त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मधल्या वेळेत, लायब्ररीच्या वाचनकक्षात बसून आकृत्या काढून, निरीक्षणं उतरवून, त्याच आठवड्यात सही घ्यायची. सबमिशनच्या आठवड्यात सगळा वर्ग रात्र-रात्र जागायचा तेव्हा माझं जर्नल सर्टिफाय झालेलं असायचं. त्यात हुशारी काही नव्हती, मला रात्र उपलब्धच नव्हती.

वाचनकक्षात जागा ठरवून घ्या. रोज एकच टेबल असलं की बसल्याबरोबर हात चालायला लागतात. कॉलेजच्या लायब्ररीत जागा मिळत नसेल आणि कॉलेज सीबीएस-शालिमारच्या जवळ असेल, तर सार्वजनिक वाचनालय आहे. १८४० सालापासूनचं वाचनालय आपल्या शहरात आहे आणि आपण स्टँडवर मोबाइल बघत बसतो याचं मला खरंच वाईट वाटतं. वर्गणी भरून सभासद व्हा.

दुसरं महत्त्वाचं म्हणजे प्रॅक्टिकलची बॅच. पहिल्या आठवड्यात बॅच पडतात तेव्हाच बोला. नंतर काही बदलत नाही. विभागप्रमुखांना साधा अर्ज लिहायचा, विषय: "प्रॅक्टिकलची बॅच बदलून मिळणेबाबत". गावाचं नाव, शेवटच्या गाडीची वेळ, सोबत पासची झेरॉक्स. मुलांना वाटतं, सर रागावतील. उलट आपण कुठून येतो हे सरांना माहीत असणं पुढं तीन वर्षं कामाला येतं. सकाळच्या पहिल्या लेक्चरला दहा मिनिटं उशीर झाला तर दारात उभं राहून कारणं सांगावी लागत नाहीत. पण सवलत मागितली तर बाकीच्या वेळी हजेरी पक्की ठेवा. ७५ टक्क्यांचा नियम अपडाऊनवाल्यांनाही तोच आहे, आणि चुकलेलं लेक्चर मैत्रिणीच्या वहीतून भरून निघतं तसं चुकलेलं प्रॅक्टिकल निघत नाही.

याच मधल्या वेळेत "कमवा आणि शिका" बसतं. विद्यापीठाची ही योजना गावाकडच्या मुलांसाठीच आहे, पण अपडाऊन करणारी मुलं अर्ज करत नाहीत, कारण त्यांना वाटतं की काम संध्याकाळी असेल. आमच्याकडं लायब्ररीत पुस्तकं लावणं, ऑफिसात फाइली, लॅबमधली काचेची भांडी धुऊन ठेवणं, बागेची निगा, अशी कामं दिवसाच असायची. तासावर मानधन मिळतं. हजेरीच्या रजिस्टरवर रोजच्या रोज सही करायची, पाठीमागून केलेली सही धरत नाहीत. मानधन यायला उशीर लागू शकतो, म्हणून ते पासच्या पैशांसाठी धरून चालू नका, परीक्षा फी आणि पुस्तकांसाठी ठेवा. मी लायब्ररीत होते. कुठल्या विषयाचं कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात आहे हे पाठ झालं, आणि एम.एस्सी.च्या प्रवेशाच्या वेळी ते मला क्लासपेक्षा जास्त उपयोगी पडलं.

गाडीत काय करायचं

हायवेवर धावणाऱ्या गाडीत वाचू नका, डोकं दुखतं आणि मळमळतं. शिवाय सकाळच्या गाडीत बसायला जागा मिळेलच असं नाही. बोलून होणारा अभ्यास करा. मी आणि माझी मैत्रीण एकमेकींना तोंडी प्रश्न विचारायचो. ओझर ते आडगाव नाका वनस्पतींचं एक कुळ: मालवेसी, सोलेनेसी, फॅबेसी, त्यांची लक्षणं, पुष्पसूत्र, आपल्या आसपासची उदाहरणं. खिडकीबाहेर बागा दिसायच्या, म्हणून द्राक्षाचं कुळ, व्हायटेसी, कधी विसरले नाही. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेले परीक्षक समोर बसले की मुलांच्या तोंडून शब्द फुटत नाही. आम्हाला गर्दीत, आवाजात, उभ्यानं उत्तरं द्यायची सवय झालेली होती. एकटे असाल तर आदल्या दिवशीचं लेक्चर स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून ऐका. परतीच्या गाडीत मात्र झोपा. ती झोप हक्काची आहे.

घरच्यांशी बोलणं

द्राक्षाच्या घरातल्या मुलांना हे वेगळं सांगायला हवं. गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात, मग पेस्ट लावणं, फुटी काढणं, डिपिंग म्हणजे घड द्रावणात बुडवणं, विरळणी. पहिल्या सेमिस्टरच्या अंतर्गत परीक्षा नेमक्या त्याच दिवसांत येतात. जानेवारी ते मार्च बाग काढणीला असते आणि त्यानंतर लगेच दुसऱ्या सेमिस्टरची परीक्षा. मजूर मिळत नाहीत, घरातला प्रत्येक हात हवा असतो, आणि "आज एक दिवस राहा" हे वाक्य महिन्यातून अनेकदा ऐकू येतं. ते म्हणणाऱ्या आईबापांची अडचण खरी असते, त्यामुळे त्या दिवशी वाद घालून काही होत नाही. बोलायचं ते ऑगस्टमध्ये. विद्यापीठाचं नाही तर कॉलेजचं तरी शैक्षणिक वेळापत्रक तेव्हा हातात आलेलं असतं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनानं टेस्ट, प्रॅक्टिकल, सबमिशनच्या तारखा लिहा आणि पप्पांना बरोबर घेऊन बसा. ज्या दिवशी फक्त लेक्चर आहेत ते दिवस तुम्हीच देऊ करा, रविवार पूर्ण द्या, आणि लाल तारखा मागून घ्या. छाटणीची तारीख दोन-चार दिवस इकडंतिकडं करता येते, परीक्षेची येत नाही, हे शेतकऱ्याला पटतं. आमच्या घरी पटलं. पप्पा स्वतःच मजुरांच्या मुकादमाला सांगायला लागले की अमुक तारखेला पोरगी नाही, एक बाई जास्त पाठव.

मुलींनी

हिवाळ्यात साडेसहाला अंधार पडतो. फाट्यावरून गावापर्यंत कोण घ्यायला येणार ते सकाळी निघतानाच ठरवा, आणि आडगाव नाका ओलांडला की फोन. एकाच गाडीनं येणाऱ्या मुलींचा गट करा, ओळख नसली तरी. गाडीत कुणी त्रास दिला तर मोठ्यानं बोला आणि वाहकाला सांगा, गाडी थांबवून ११२ ला फोन करता येतो. कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असते, तिच्या सदस्यांची नावं नोटीस बोर्डवर असतात, ती मोबाइलमध्ये उतरवून ठेवा. बॅगेत पॅड, एक जुनी ओढणी आणि वेगळे ठेवलेले शंभर रुपये कायम असू द्या. स्टँडवरचं स्वच्छतागृह नको म्हणून पाणी न पिणं ही सवय आमच्यातल्या कितीतरी जणींना होती आणि त्याचा त्रास पुढं होतो. कॉलेजमधून निघताना तिथलं वापरून निघा आणि दिवसभर पाणी प्या.

डबा, पाऊस आणि बाकीचं

डबे दोन न्या. सकाळी सहाला निघणाऱ्याला अकराला भूक लागते आणि परत तीनला. दुसऱ्या डब्यात भाकरी-चटणी, शेंगदाणे, हंगामात द्राक्षं, काहीही चालेल. मिसळ मित्रांबरोबर महिन्यातून एकदा जरूर खा, नाशिकला शिकून ती चुकवायची नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की बातमी येते, दुतोंड्या मारुतीला, म्हणजे गोदावरीतल्या ज्या मूर्तीवरून पुराची पातळी मोजतात तिला, पाणी लागलं. पंचवटीकडून जाणाऱ्यांनी ही बातमी ऐकली की दुपारचं प्रॅक्टिकल सरांना सांगून सोडावं आणि निघावं. पुलांवर गर्दी झाली की संध्याकाळची गाडी कधी सुटेल सांगता येत नाही. २०२७ च्या सिंहस्थापर्यंत रस्त्यांची कामं चालतील, त्या काळात घरातून एक गाडी आधीची पकडायचं ठरवूनच टाका.

अपडाऊन करणाऱ्यांना गॅदरिंग, नाटक, स्पर्धा यांतलं फारसं काही करता येत नाही. सगळ्याच्या मागे लागू नका, एक निवडा. मी राष्ट्रीय सेवा योजना निवडली. वर्षाला १२० तासांचं काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. त्या सात दिवसांत अपडाऊन नसतं. रात्री मुलींबरोबर बसून गप्पा मारता येतात. माझ्या जवळच्या मैत्रिणी तिथल्याच आहेत.

परीक्षेचे दिवस

हॉल तिकीट हातात आलं की केंद्र आणि वेळ दोन्ही बघा. नंबर दुसऱ्या कॉलेजात असेल तर आदल्या दिवशी जाऊन इमारत, मजला बघून या. नेहमीच्या गाडीच्या आधीची गाडी धरा आणि तीही चुकली तर फाट्यापर्यंत कुणाची मोटारसायकल मिळेल ते रात्रीच विचारून ठेवा. रिक्षाचे पैसे वेगळ्या कप्प्यात. हॉल तिकिटाची एक झेरॉक्स बॅगेत, एक मैत्रिणीकडं. दुपारच्या सत्रातला पेपर सुटायला संध्याकाळ होते, म्हणून घ्यायला येणाऱ्याला गाडीची वेळ सांगताना एक तास पुढची सांगा. आणि दोन पेपरच्या मधे सुट्टी असेल तर त्या दिवशीही सकाळच्या गाडीनं कॉलेजला जा, वाचनकक्षात आपल्या टेबलावर बसा, दुपारी परत या. घरी राहिलात तर बागेत बोलावणं येईलच.